खिडकी आणि एल

मे महिन्यात आमच्या नागपुरात दहा वाजले की
खिडक्या लावून घेतात.
कोणी सांगावं लागत नाही.
हात जातो, कडी पडते,
आणि मग दिवसभर ऊन बाहेर बसून राहतं
उधारी मागायला आल्यासारखं.

कॉम्प्युटरचं मात्र मला सांगावं लागलं. दोनदा.

बोरकुटे नावाचा पोरगा येतो, मशीन बघणारा.
म्हणाला, मॅडम, उठायच्या आधी दोन बोटं.
कंट्रोल आणि अल्टच्या मधे
ही चार तावदानांची खिडकी आहे ना,
ती दाबून धरायची, आणि एल.
झालं. आल्यावर पासवर्ड.
मी हो म्हटलं.
हो म्हणणं दोन बोटांपेक्षाही सोपं होतं.

आमच्या कुटुंब निवृत्तिवेतन शाखेत
ज्याची त्याची रीत.
नंदेश्वर साहेब कंट्रोल, अल्ट, डिलीट
पेटीवर सूर धरावा तसे एकदम दाबत,
वर एंटरची थाप देऊन
मान डोलवत चहाला जात.
हेडाऊबाई नुसता मॉनिटर बंद करायच्या,
मांजर डोळे मिटून दूध पितं तसं.
कापगते म्हणे, दहा मिनिटांनी आपोआप होते ना बाप्पा.
दहा मिनिटांत
तर्रीपोह्याची प्लेट संपते,
वरून तर्री दोनदा मागून होते.

मी काहीच करत नसे.
मला कूलरमध्ये पाणी भरायचं असे.

त्या दिवशीही बादली घेऊन गेले.
नळाला गरम पाणी, तेही बारीक.
परत आले तर खिडकी क्रमांक चारवर एक माणूस
कोपर टेकवून, खर्रा चघळत,
वाकून बघत होता.
माझ्याकडे नाही.
स्क्रीनवर शेवंता डोंगरवार उघडी होती:
नाव, खातं, नवीन पत्ता,
मानेवाड्यातली कोणाच्या तरी मागची खोली.
"आमचं काम होऊन जाईल ना मॅडम?"
कोणतं काम, हे विचारायच्या आत
तो निघूनही गेला.
मी कूलरचं झाकण लावलं.
वाळ्याचा वास आला. बरं वाटलं.

गुरुवारी शेवंताबाई आल्या.
उजव्या मनगटाला क्रेपची पट्टी.
"पत्ता बदलायचा आहे."
मागच्याच महिन्यात बदलला ना, मी म्हटलं.
"पुन्हा बदलायचा आहे."
दिराला कसं कळलं, त्यांनी विचारलं नाही.
कोणी सांगितलं, तेही नाही.
माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता,
त्याच्याकडे बघत राहिल्या,
म्हणून मी तो पुढे सरकवला.
एवढंच मला करता आलं.

पत्त्याचा फॉर्म आतल्या कपाटात असतो,
नऊ पावलं.
मी उठले, आणि उठता उठता
खिडकी, एल.
त्यांचं नाव गेलं.
त्या जागी कुठला तरी डोंगर आला, बर्फाचा,
आणि वेळ, बारा वाजून चार मिनिटं.

"गेलं का सगळं?" त्या दचकल्या.
नाही, आहे आत. फक्त दिसणार नाही.
"कोणालाच?"
कोणालाच.
"किती वेळ लागते असं करायले?"

मी बोलले नाही.
कीबोर्ड उचलून त्यांच्या बाजूला फिरवला,
डोंगर घालवला, त्यांचं नाव परत आणलं.
त्यांनी डाव्या हाताचं एक बोट चार तावदानांवर ठेवलं,
दुसरं शोधत शोधत एलवर.
डोंगर.
"अजून एकदा करू?"

मागे रांगेतून कोणी ओरडलं, काऊन हो, काय चाललं?
कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप खरखरत होता.
करा, मी म्हटलं.